सँडोचा आरसा आणि औंधचे नमस्कार

दोरीवर वाळत घातलेल्या 'सँडो बनियन'चे नाव आपण इतक्या सहज घेतो की त्या नावामागे कुणी हाडामांसाचा माणूस असेल, हे मनातही येत नाही. बिनबाह्यांच्या या गंजीफ्रॉकाला हे नाव युजेन सँडो या शक्तिवीरावरून पडले असे मानले जाते. १८६७ मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मलेल्या सँडोने वजने उचलण्याचे खेळ केले खरे, पण त्याची करामत निराळीच होती. तोवर पहिलवान काय उचलतो हे पाहायला लोक जमत. सँडो कसा दिसतो हे पाहायला जमू लागले. अंगाला पांढरी पूड फासून तो ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभा राही. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने देहसौष्ठवाची स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल होता. १८९७ च्या त्याच्या पुस्तकात आरशासमोर उभे राहून व्यायाम करण्याचा सल्ला आहे, आणि छाती, दंड, मांडी मोजण्याचाही. पुरुषाचे शरीर राबण्याचे साधन होते. ते आता न्याहाळण्याचीही वस्तू झाले.

त्याच १८९७ साली सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागवून एक मराठी राजपुत्र व्यायामाला लागला. ते म्हणजे १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आलेले भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). चित्रकार, कीर्तनकार, औंधच्या संग्रहालयाचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. तालमी, मल्लखांब आणि जोर-बैठका ज्या मुलखात घरच्या, तिथल्या माणसाला लंडनचे डंबेल्स का हवेसे वाटावेत? यात हौस असेलच, पण त्या काळाची एक बोचही विसरता येत नाही. मेकॉलेने १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली पुरुषाचे वर्णन दुबळा, नाजूक असे केले होते. शिकलेल्या हिंदी पुरुषाला हा डाग पुढे कित्येक दशके पुसायचा होता. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला सारून तब्येत कमावण्यात घालवले, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. साहेबाच्या नजरेतला कमीपणा साहेबाच्याच फुटपट्टीने खोडून काढावा, असे काहींना वाटले तर नवल नाही.

बाळासाहेबांनी सँडोची पद्धत सुमारे दहा वर्षे निष्ठेने चालवली. मग १९०८ च्या सुमारास, ऐन चाळिशीत, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार घालण्याची रीत महाराष्ट्रात आधीपासून होती. त्यांनी तिला शिस्त, मंत्र आणि श्वासाची जोड देऊन तिचा प्रसार केला. ना उपकरण, ना जोडीदार, ना खर्च. स्त्रियांना, मुलांना, म्हाताऱ्यांनाही जमेल असा हा व्यायाम. मला या बदलातली एक साधी गोष्ट फार बोलकी वाटते. इथे टेपचे काम संपते आणि मोजणी उरते ती घातलेल्या नमस्कारांची. शिवाय कपाळ जमिनीला टेकलेले असताना माणसाला स्वतःला आरशात पाहता येत नाही.

अर्थात हे चित्र फार सोज्ज्वळ करू नये. बाळासाहेब राजे होते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार आवश्यक केले. तिथल्या पोरांना सकाळी उठून ते घालताना सूर्याविषयी काय वाटत असेल, ते पोरांनाच ठाऊक. पण प्रजेने बाहुबली दिसावे हा त्यांचा ध्यास नव्हता. आजार टळावा, उमेद टिकावी, हा होता. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक लंडनमध्ये निघाले, त्याच्या नावातच आरोग्य होते. ज्या शहरातून सँडो आला, त्याच शहरात औंधचे नमस्कार पोचले!

आपली भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. स्त्रीदेहाच्या वर्णनांवर आपण वर्गात पुष्कळ बोलतो आणि ते योग्यच आहे. पण 'काडी पहिलवान', 'पाप्याचे पितर' हे शब्द कुणाला सोलून काढतात, यावर बोलत नाही. हे दुसरे विशेषण मी स्वतः अंगावर वागवले आहे. आपण पुरेसे पीळदार नाही या विचाराने पछाडलेल्या पुरुषांविषयी हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांचे 'द अडोनिस कॉम्प्लेक्स' २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना त्यात मला माझ्या वर्गातले चेहरे दिसत होते.

त्यातलाच एक गेल्या वर्षी भेटायला आला. सहा महिने जिम, डब्यातली पावडर, घरचे जेवण बंद, आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण दंडाच्या बेटकुळ्या अजून 'दाखवण्याजोग्या' नव्हत्या. खांदा दुखत होता, झोप नव्हती. मी त्याला औंधची ही सगळी कहाणी सांगितली. सँडो, आरसा, नमस्कार, सगळे. त्याने ती मन लावून ऐकली. उठता उठता म्हणाला, "सर, पण राजेसाहेबांची छाती किती इंच होती?"