पडण्याचा हिशेब

शाळेत गॅलिलिओ माझ्या डोक्यावरून गेला, म्हणून मी मुकाट्याने कॉमर्सला गेलो. पण पडण्याचं शास्त्र मला पुढे कळलं ते रे रोडच्या कृपेने.

रे रोडला आत्याच्या चाळीत सुट्टीला गेलो की आम्ही पोरं कौलांवर चढून सोनं शोधत असू. हसू नका, याला इतिहासाचा आधार आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी, रे रोडच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा, सोबतीला कापसाच्या गासड्या आणि वर १२४ सोन्याच्या विटा! दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले आणि माल आभाळात गेला. त्यातली सुमारे १२.७ किलोची एक वीट मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती परत केली! चुकून जास्त गेलेली शंभराची नोट परत आणणारं गिऱ्हाईक मी एकवीस वर्षांच्या नोकरीत दोनदाच पाहिलंय.

मोठेपणी मी त्या विटेचा हिशेब मांडला. गुरुत्वाकर्षणाचा कारभार अगदी रिकरिंग डिपॉझिटसारखा आहे. पडणाऱ्या वस्तूच्या वेगात दर सेकंदाला ९.८ मीटरचा ठरावीक हप्ता जमा होतो. वेग असा सरळ वाढतो, अंतर मात्र उड्या मारतं. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात त्याच्या तिप्पट, तिसऱ्यात पाचपट. तीन सेकंदांत एकूण ४४ मीटर! हे एक-तीन-पाचचं कोष्टक गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून काढलं आणि १६३८ साली छापलं.

वर जाताना तोच हप्ता वजा होतो. हवा नाहीच असं धरलं, तर मैलभर जायला विटेला निदान ताशी ४५० किलोमीटर वेग हवा. मग ती तिरपी चारशे मीटर उंच जाऊन, अठरा सेकंदांनी तेवढ्याच वेगाने खाली येते. जमा तेवढाच खर्च! प्रत्यक्षात मधल्यामध्ये हवा दलाली कापते. सोन्याकडून थोडी, कापसाकडून जवळजवळ सगळी. म्हणून वीट छप्पर फोडून गेली आणि पेटलेला कापूस तरंगत येऊन आसपासच्या गुदामांना, घरांना आग लावत सुटला. गुरुत्वाकर्षणाने हप्ता मात्र दोघांना सारखाच दिला.

आत्याच्या सासूबाईंनी तो दिवस पाहिला होता. एकदा आम्हाला कौलांवर बघून त्या ओरडल्या, “सोनं शोधताय होय रे मेल्यांनो? वरनं लोखंडसुद्धा पडलं होतं. ते शोधायला कुणी चढलं नाही!”

आम्ही निमूट उतरलो. शेवटचा सव्वा मीटर मी घसरून पडलो. वेळ अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात गुडघा फुटला.

त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून तर १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आजही गाडी रे रोडला थांबली की आधी सोन्याची वीटच आठवते, आणि मग सासूबाईंचा आवाज. होज हातात धरून त्या आभाळाखाली उभ्या राहिलेल्यांचा हिशेब मला अजून जुळवता येत नाही.