बुटकी टेबले आणि वारली चित्रे
बालवर्गातली बुटकी टेबले-खुर्च्या माँटेसरी पद्धतीतून आली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. या कामात महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, खड्यांनी घेतली आणि वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरू लागला. याच भागातली वारली चित्रे मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नचौकासाठी काढत. दूरच्या वाशिम जिल्ह्यातल्या अंगणवाडीतही टेबलांवर वारलीच रंगवावी, हा आग्रह मात्र उसना आहे. याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तीर्थस्थान पोहरादेवी आहे, परिसरात बंजारा तांडे आहेत. तिथल्या मुलांना आजीच्या फेटियावरचे (घागऱ्यावरचे) काचकाम आणि कवड्या ओळखीच्या. त्यांच्या बसकरांवर तेच भरतकाम हवे.