खुंटी, पडवी आणि दप्तर

एखादी गोष्ट सोडून दिली की मराठी माणूस ती खुंटीला टांगतो. अभ्यास टांगतो, कामधंदा टांगतो, प्रसंगी लाजही टांगतो. वाक्प्रचार सगळ्यांना ठाऊक आहे, पण मीरा रोडला ज्या घरांत माझं जाणं-येणं आहे, त्यांतल्या एकाही घरात मला खुंटी दिसलेली नाही. दाराच्या मागे चिकटवलेले प्लास्टिकचे हूक असतात. पावसाळ्यात ओल्या रेनकोटाच्या वजनाने ते रात्री केव्हातरी टपकन खाली येतात.

मी घरून काम करतो. माझं टेबल हॉलमध्ये, मुख्य दाराच्या समोर. त्यामुळे दुपारी माझी पुतणी आणि पुतण्या शाळेतून आले की पुढच्या दोन मिनिटांत काय होतं ते मला रोज दिसतं. दार उघडतं ते थेट हॉलमध्ये. बूट दारातच, एक दप्तर सोफ्यावर, दुसरं जमिनीवर, पाण्याची बाटली माझ्या टेबलावर. रेनकोट वहिनीच्या हातात, आणि ती तो घेऊन बाथरूमकडे पळते, कारण वाटेत फरशी ओली झाली तर आई घसरेल. मुलांना शिस्त नाही, असं येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो. मला मुलांपेक्षा घराचा नकाशा जास्त दोषी वाटतो. अंगावरचं, पायातलं आणि खांद्यावरचं उतरवून ठेवायला बाहेर आणि आत यांच्या मध्ये एक जागा लागते. आमच्या घरात ती नाही. आपल्याकडे ती कधी नव्हतीच असं मात्र नाही.

कोकणातल्या घराची रचना आठवून बघा. अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. देशावर तिला ओसरी म्हणतात, कुठे सोपा, वऱ्हाडात छपरी. एका जागेला इतकी नावं आहेत म्हणजे तिचं काम किती होतं ते कळतं. पावसाळ्यात शेतावरून आलेल्या माणसाच्या अंगावर इरलं असायचं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं हे ओझं घरात नेण्यासारखं नव्हतंच. ते पडवीत निथळत राहायचं. शेजारी घोंगडी, विळे, कोयते. वहाणा खाली, पायांवर तांब्याभर पाणी, मग आत. आमच्या धंद्यात दोन वेगवेगळ्या वेगांच्या यंत्रणांमध्ये बफर ठेवतात, म्हणजे एकीकडून भसकन आलेला माल दुसरीकडे सावकाश घेता येतो. पडवी म्हणजे घराचा बफर.

आमच्याच महापालिकेच्या हद्दीत हे बघायला मिळतं. भाईंदरहून बस पकडून उत्तन, पाली, चौक या किनाऱ्याच्या गावांकडे गेलं की जुन्या घरांपुढे ओटी दिसते आणि तिच्यावर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. ओलं, खारं, वासाचं सगळं घराच्या पुढ्यातच थांबतं.

पण पडवीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंत. मातीची किंवा जांभ्याची भिंत दीड-दोन फूट जाड. बांधतानाच तिच्यात लाकडी खुंट्या बसवत. दिवा ठेवायला कोनाडा भिंतीच्या पोटातच, भांडीकुंडी ठेवायला फडताळही तिथेच. घरातलं सामान ठेवायची बरीचशी जागा खोलीतली नव्हतीच, ती भिंतीच्या जाडीतली होती. वाड्यांतही तेच. घरधनी बाहेरून आला की ओसरीवरच्या खुंटीला पगडी आणि उपरणं. पुढे इंग्रजी कचेऱ्या आल्या, तशी धोतरावर कोट घालायची रीत पडली. पगडीशेजारी कोट आला, मग पगडी जाऊन टोपी आली. कोट बहुधा एकच असायचा. घडी करून ठेवला तर चुरगळणार, म्हणून त्याला खुंटी लागायचीच.

दप्तराची गोष्ट याहून मजेशीर आहे. शब्द फारसीतला, त्याच्याही मागे गेलं तर ग्रीकमधला. तिथे त्याचा अर्थ कातडं, लिहिण्याचं चामडं. आपल्याकडे दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रं आणि ती ठेवायची कचेरी. पुण्याचं पेशवे दप्तर म्हणजे मोडी कागदांचा डोंगर. कागद कापडात बांधून ठेवलेले, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचं. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात काढले. कापडात बांधलेले कागद ते दप्तर, एवढाच धागा धरून हा शब्द शाळकरी पोराच्या पाटी-पुस्तकापर्यंत घरंगळत आला असावा. पेशव्यांच्या दप्तराला निदान कोठी होती. पोराच्या दप्तराला सुरुवातीला जागा लागतच नव्हती. कापडाची पिशवी, आत पाटी, दोन पुस्तकं. बंद खुंटीला अडकवला की ती भिंतीला चपटी होऊन बसायची.

हे सगळं फार रम्य वाटू लागलं असेल तर इथेच थांबायला हवं. पडवी आणि ओटी या फक्त वस्तूंसाठी नव्हत्या. कोणी अंगणातच उभं राहायचं, कोणी पडवीपर्यंत यायचं, कोणी ओटीवर बसायचं आणि कोणाला माजघरात प्रवेश, हे जातीने ठरलेलं होतं. ओल्या इरल्याला पडवीत जागा होती आणि ते विणणाऱ्या हातांना बहुधा नव्हती. ओटी पुरुषांची, घरातल्या बायकांचं येणं-जाणं मागच्या दाराने. एकट्या आपल्याकडेच असं होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्याला रॉजर प्रॅटने कोलशिलचं घर बांधलं, त्यात मधोमध लांब बोळ काढला. नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेआड राहावी, हा त्याचा एक उघड हेतू होता. रॉबिन इव्हान्स या वास्तुइतिहासकाराने १९७८ च्या एका निबंधात या बोळाचा माग काढला आहे. घरातली मधली जागा माणसं गाळण्यासाठीही असते. म्हणून ती गेली याचं मला सरसकट दुःख होत नाही.

ती गेली कशी? मुंबईत १८९६ ला प्लेग आला. १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे त्यांच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. कामगाराचं सगळं घर त्या एका खोलीत. ज्या चाळींना गॅलरी होती त्यांचा उंबरठ्याबाहेरचा भाग आपोआप पडवी झाला. वहाणा, छत्र्या, पाण्याचं पिंप, सायकल. बीडीडीत खोल्यांच्या दोन रांगांच्या मधून बोळ गेला होता. तो अंधारा, पण कामाचा. फरक असा की पडवी एका घराची होती आणि गॅलरी सगळ्यांची. नीरा आडारकरांनी संपादित केलेल्या 'द चॉल्स ऑफ मुंबई' (२०११) या पुस्तकाच्या नावात पुढे 'गॅलरीज ऑफ लाइफ' असं आहे, ते उगाच नाही.

एका खोलीत दप्तर कुठे ठेवायचं हा प्रश्न त्या काळातही होताच, फक्त तो दप्तरापेक्षा मोठा होता. आंबेडकरांच्या चरित्रांत परळच्या डबक चाळीतल्या खोलीचं वर्णन येतं. एकच खोली; तिच्यातच चूल, सरपण, जातं आणि बकरी. रामजी मुलाला लवकर झोपवत, रात्री दोनला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकाला जागा नव्हती, तेव्हा बापाने आपल्या झोपेची जागा दिली. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत त्यांना शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. जागा कमी असली की कोणीतरी आपल्या शरीराने तिची भरपाई करतं. आमच्याकडे ती वहिनी करते. दिवसातून किती वेळा ती वाकून काहीतरी उचलते, हे मोजायचं मी मनात आणलं होतं. तिने नुसतं बघितलं. मी मोजलं नाही.

मीरा रोड-भाईंदर या कथेत उशिरा येतं. खाडी, मिठागरं, भातशेती, आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती गावं. १९८५ ला ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ ला महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत इथे साधारण पावणेदोन लाख लोक होते, २००१ मध्ये सव्वापाच लाख, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. यातले पुष्कळजण मुंबईच्या खोल्यांमधून आलेले. त्यांना स्वतःचा संडास हवा होता, वेगळं स्वयंपाकघर हवं होतं. गॅलरी हवी असं म्हणायचं कोणाला सुचलंही नसेल, कारण गॅलरी म्हणजे गरिबीची खूण. आणि ज्याला फुटाच्या हिशेबाने पैसे मोजायचे आहेत तो चपलांसाठी फूट कशाला विकत घेईल?

नियमांनीही मदत केली नाही. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० ला आली. तिच्यात खोली किमान ९.५ चौरस मीटरची, स्वयंपाकघर ५, न्हाणीघर १.८, संडास १.१. जिथे झोपायचं, शिजवायचं, धुवायचं, त्या प्रत्येक जागेला किमान माप आहे. आत आल्यावर थांबायच्या जागेला नाही. किमान माप नसलेली गोष्ट बिल्डर बांधत नाही, यात त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे. तिच्यात व्हरांड्याचा उल्लेख येतो तो वजाबाकीसाठी: बाल्कनी, व्हरांडा, गच्ची सोडून उरेल ते कार्पेट. बाहेरच्या भिंतींची जागाही वजा. म्हणजे ज्या दोन ठिकाणी आपलं सामान राहायचं, व्हरांडा आणि भिंतीची जाडी, ती दोन्ही हिशेबाबाहेर.

भिंतीचं तर वेगळंच झालं. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब पेलतात, भिंत नुसता पडदा. आतली भिंत चार-सहा इंचांची. तिच्यात कोनाडा काढला तर शेजारच्या खोलीत हात बाहेर येईल. खुंटी ठोकून बसवायची सोय नाही. ड्रिल मारा, फिशर घाला, स्क्रू पिळा. भिंतीतलं सामान मग कपाट, टीव्ही युनिट, शू रॅक होऊन खोलीत आलं आणि त्याने खोलीच खाल्ली. दाराचंही गणित आहे. तीन फुटी दार पूर्ण उघडायला पाव वर्तुळ लागतं, म्हणजे सात चौरस फूट. नेमक्या दाराच्या तोंडाशी ते कायमचे मोकळे ठेवावे लागतात.

आणि याच काळात दप्तर फुगलं. खाकी कॅनव्हास गेला. डकबॅकचे रेनकोट आणि शाळेच्या बॅगा एके काळी घरोघरी होत्या, त्याही मागे पडल्या. पाठीवरची गादीदार सॅक आली. ती रिकामी असली तरी चपटी होत नाही. ओझ्याची चर्चा जुनी आहे. १९८९ ला आर. के. नारायण राज्यसभेत त्यावर बोलले. १९९३ ला यशपाल समितीचा अहवाल आला. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा आहे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. हे सगळे दप्तर खांद्यावर असतानाचे हिशेब. दुपारी ते खांद्यावरून उतरतं आणि सकाळपर्यंत कुठेतरी असतं, त्याची दखल कोणी घेतलेली नाही. पुतणीची सॅक मी आमच्या वजनकाट्यावर ठेवली होती. आकडा दादाला सांगितला तर तो म्हणाला, "हे शाळेत जाऊन तूच सांग."

घरात नसलेली पडवी मग दाराबाहेर उगवते. आमच्या मजल्यावर चार घरं आणि चार शू रॅक. एकावर तुळशीची कुंडी, एकाशेजारी मुलाची सायकल, पावसाळ्यात छत्र्या उघडून वाळत ठेवलेल्या. सोसायटीची नोटीस दर वर्षी येते: पॅसेजमधलं सामान सात दिवसांत हलवा. नोटीस बरोबरच आहे. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, आणि धुरात सायकलला अडखळून माणूस मरू शकतो. पण सामानही खोटं नाही. चाळीतल्या गॅलरीत हेच सगळं पडलेलं असायचं. फक्त तिथली माणसं ती जागा सगळ्यांची आहे असं धरून एकमेकांशी भांडत आणि भागवत. इथे प्रत्येकाचा हिशेब दारापाशी संपतो. पलीकडचे फूट कोणीच विकत घेतलेले नाहीत, म्हणून ते एक तर माझे किंवा कोणाचेच नाहीत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळतात. तिथल्या लोकांनी हे घर मिळण्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघितली आहे, त्यात नाक खुपसायचा मला अधिकार नाही. लिफ्टसमोरच्या जागेत पहिला शू रॅक कधी येतो, एवढंच बघायचं आहे.

जपानी माणसांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की टोकियोतल्या चिमुकल्या फ्लॅटमध्येही ते गेनकान सोडत नाहीत. दारातल्या दोन-तीन फुटांची फरशी घराच्या जमिनीपेक्षा थोडी खाली, एवढंच. बूट खाली, माणूस वर. त्या एका पायरीने जागेला नाव मिळतं, आणि नाव असलेली जागा नकाशातून सहज खोडता येत नाही.

आमच्याकडे पायरी करता येणार नाही. गेल्या महिन्यात वहिनीने सुताराला बोलावून दारामागच्या भिंतीवर एक फळी बसवून घेतली, सहा इंच रुंद, खाली लोखंडी हूक. सुताराने सवयीने साडेपाच फुटांवर खूण केली. जुन्या खुंट्याही साधारण तेवढ्याच उंचीवर असणार, मोठ्या माणसाच्या पगडी-कोटाच्या. वहिनी म्हणाली, "भाऊ, हे पोरांचं आहे, खाली घ्या." शेवटी तीन फुटांवर बसवली. दार त्या फळीला आपटू नये म्हणून खाली रबरी गुटका लावला आहे, त्यामुळे ते आता पूर्वीइतकं उघडत नाही आणि गॅसचा सिलिंडर आत आणताना तिरका करावा लागतो. दप्तरं मात्र लटकतात. रेनकोट अजून बाथरूममध्येच जातात. बूट बाहेर आहेत, आणि नोटिशीतले सात दिवस परवा संपले.