एकात्मिक उपचार, प्राथमिक आरोग्यसेवेतील

एकात्मिक उपचार, प्राथमिक आरोग्यसेवेतील : पाठदुखी, गुडघेदुखी, बद्धकोष्ठ, खोकला, निद्रानाश, रक्तदाब, मधुमेह अशा नेहमीच्या तक्रारींवर आधुनिक वैद्यकातील निदान व औषधे यांना आहार, व्यायाम, योग, ध्यान, मालीश आणि पारंपरिक औषधी यांची जोड देऊन एकाच देखरेखीखाली केलेले उपचार. जोड देताना दोन अटी महत्त्वाच्या असतात : निवडलेल्या उपायाचा गुण पारखून घेतलेला असावा आणि रुग्ण काय काय घेतो हे उपचार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. एका दवाखान्यातून गोळ्या आणि दुसरीकडून काढा घेऊन रुग्णाने आपणच घातलेला मेळ म्हणजे एकात्मिक उपचार नव्हेत. भारतात मात्र बहुतेक वेळा तेवढेच घडते.

आधुनिक व भारतीय या दोन्ही वैद्यकपद्धतींचा समन्वय साधावा अशी शिफारस कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ मध्येच केली होती. महाराष्ट्रात वैद्यांच्या काही पिढ्या आयुर्वेद व आधुनिक वैद्यक यांच्या मिश्र अभ्यासक्रमातून तयार झाल्या आणि गावोगावचे दवाखाने त्यांनीच चालवले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालयांत आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपथी) डॉक्टर बसवण्याचे धोरण आखले. २०१४ मध्ये आयुषचे स्वतंत्र मंत्रालय झाले. एका छपराखाली बसणे आणि एका रुग्णाचा एकत्र विचार करणे यांत अंतर आहे. शेजारच्या दोन खोल्यांतले डॉक्टर एकमेकांचे कागद पाहत नसतील, तर रुग्णाच्या वाट्याला दोन निदाने व दोन चिठ्ठ्या येतात.

पारंपरिक औषध आधुनिक कसोटीवर कसे उतरते, याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीमुळे वाढलेला रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. नैराश्यासारख्या दुष्परिणामांच्या तक्रारी आल्या, अधिक सोसवणारी औषधे निघाली, तसे ते मागे पडले. वनस्पतीलाही मात्रा असते व तिचेही दुष्परिणाम असतात, हे या एका मुळीने दाखवून दिले.

पाठदुखी व गुडघेदुखी : एकात्मिक उपचारांचा पाया येथे सर्वांत भक्कम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी आधी औषधाविना उपाय करण्यास सांगितले. नव्या दुखण्याला शेक, मालीश, अॅक्युपंक्चर. जुन्या दुखण्याला व्यायाम, योग, ताई ची, सजगतेवर आधारित ताण-निवारण व वर्तनोपचार, आणि त्यांनी भागले नाही तरच गोळ्या. जुन्या कंबरदुखीवरील योगाच्या चाचण्यांपैकी काही पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीने, पट्टे, लोड व खुर्ची यांच्या आधाराने केलेल्या आसनांच्या आहेत. आधार असल्यामुळे ताठरलेल्या कंबरेच्या माणसालाही आसनात टिकता येते. मात्र ताप, विनाकारण घटणारे वजन, पायातली शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर योगवर्ग बाजूला ठेवून रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.

गुडघ्याच्या संधिवातावर पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चाचणी या क्षेत्रात नमुन्यादाखल घ्यावी अशी आहे. सुंठ व गुळवेल हा पाया असलेल्या आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी ४४० रुग्णांत २४ आठवडे तुलना करण्यात आली. कोणाला कोणते औषध मिळते आहे, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वेदना व हालचाल यांत आयुर्वेदिक औषधे बरोबरीची ठरली. त्याच लेखात, आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढले आणि औषध थांबवताच ते पूर्ववत झाले, हेही नोंदवले आहे. गुण आणि दोष एकाच कागदावर लिहिण्याचा हा प्रामाणिकपणा पारंपरिक औषधांच्या जाहिरातींत सापडत नाही.

पोट, खोकला, झोप : बद्धकोष्ठाला व चिडखोर आतड्याच्या विकाराला इसबगोल हा जुना घरगुती उपाय आधुनिक मार्गदर्शक सूचनांनीही स्वीकारला आहे. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. कमी पाण्यात ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. खोकल्याला मध उपयोगी पडतो, पण एक वर्षाखालील बाळाला मुळीच चाटवू नये : त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. जुनाट निद्रानाशावर वर्तनोपचार हा पहिला उपाय मानला जातो. झोपेच्या गोळीचा विचार त्यानंतर.

रक्तदाब व मधुमेह : येथे जोड-उपाय औषधाच्या जागी येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. लोणचे, पापड व फरसाण रोजचे असलेल्या घरात ते सोपे नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांत आहार-व्यायामाच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, असे चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांवरील योगाच्या चाचणीत (२०२०) मृत्यू, पुन्हा झटका अशा मोठ्या घटनांत लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्णांना बरे वाटणे व झटक्याआधीच्या दैनंदिन व्यवहारांकडे परतणे यांत मात्र सुधारणा झाली. योग शिकवणाऱ्यांनी एवढेच सांगावे. रक्तवाहिन्यांतले अडथळे विरघळतात असे सांगू नये.

पारखण्याची अट सर्वांना सारखी लागू होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सर्व पुरावा तपासला असता, होमिओपथी कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा विश्वासार्ह आधार मिळाला नाही.

धोके : सर्वांत मोठा धोका न सांगितलेल्या औषधाचा. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवते व पोटॅशियम बाहेर टाकते. घशासाठी महिनोन्महिने ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे चढू शकतो. डॉक्टरांना हे माहीत नसले की ते गोळीची मात्रा वाढवतात, आणि ती गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी घसरते. थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतलेले इसबगोल तिचे शोषण कमी करते, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले.

रुग्ण हे लपवतात ते बहुधा रागावले जाण्याच्या भीतीने. म्हणून ‘दुसरे काही घेता का?’ एवढ्यावर न थांबता काढा, चूर्ण, भस्म, रस यांची नावे घेऊन विचारणे, पिशवीतली सगळी पुडकी टेबलावर मांडायला लावणे आणि ती केसपेपरवर लिहिणे हे प्राथमिक आरोग्यसेवेतील एकात्मिक उपचारांचे पहिले काम होय. यंत्रसामग्री लागत नाही, पाच मिनिटे लागतात. आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे; संशयास्पद दुष्परिणाम आढळल्यास, तो कोणत्याही पद्धतीच्या औषधाचा असो, डॉक्टरांनी व वैद्यांनी तो कळवावा.