दिनविशेष : १६ ऑक्टोबर
जेटच्या कर्मचाऱ्यांना नोकऱ्या परत (२००८)

जागतिक मंदीचा तडाखा आणि महागलेले इंधन यांचे कारण देत जेट एअरवेजने १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुमारे ८०० जणांना कामावरून काढले. आणखी अकराशे जण रांगेत होते. बहुतेक जण विशी-बाविशीतले, प्रोबेशनवरचे. कायम नाहीत म्हणून दाद मागायची सोय नाही आणि पाठीशी युनियनही नाही. गणवेशातच ही मुले-मुली मुंबई विमानतळावर जमली, तिथून मनसेचे नेते राज ठाकरे यांच्याकडे गेली. महाराष्ट्रातून जेटचे विमान उडू देणार नाही, असा इशारा मनसेने दिला. १६ तारखेच्या रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत बोलावले.

नोकऱ्या वाचल्या, पण दुसऱ्याच्या धाकावर. ही उणीव वैमानिकांनी ओळखली. २००९ मध्ये त्यांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ ही स्वतःची संघटना नोंदवली. कंपनीने दोन वैमानिकांना काढल्यावर ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक एकदम आजारी रजेवर गेले, शेकडो उड्डाणे रद्द झाली. पाचेक दिवसांत तोडगा निघून बडतर्फ वैमानिक कामावर परतले.

राहुरी-देवळाली प्रवरा परिसरात साखर कारखान्याच्या कामगाराला युनियनचे मोल सांगावे लागत नाही. गलेलठ्ठ पगाराच्या वैमानिकालाही तिची गरज पडते, हे त्या सप्टेंबरात दिसले. जेटची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. थकलेल्या पगारासाठी कर्मचारी संघटना पुढे कित्येक वर्षे न्यायालयात लढत राहिल्या.