मूठ बदलली, पातं बदललं, चाकू तोच?

मागच्या व्याख्यानात मी ‘परंपरा’ हा शब्द फार सैलपणे वापरला. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी मला गाठलं आणि विचारलं, “सर, परंपरेत नेमकं टिकतं काय?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवूनही मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज एका साध्या चाकूचा आधार घेऊन प्रयत्न करतो.

फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्स पर्वतात मोरिएन नावाचं खोरं आहे. तिथल्या सँ-जाँ-द-मोरिएन या लहानशा गावात ओपिनेल घराण्याच्या चाकूंचं संग्रहालय आहे. काही वर्षांपूर्वी मुलीबरोबर तिकडे जाणं झालं. भट्टी, ऐरण, जुनी यंत्रं आणि ओळीनं मांडलेले चाकू. खरं सांगतो, मी आत शिरलो तो पूर्वग्रह घेऊनच. पिढ्यान्‌पिढ्या न बदललेली हस्तकला पाहायला मिळेल, अशी माझी कल्पना. निघालं भलतंच.

पहिली गोष्ट म्हणजे, हे घराणं मुळात चाकू करणाऱ्यांचं नव्हतंच. ही माणसं वरच्या अंगाला असलेल्या अल्बिए गावची. हा सॅव्हॉय प्रदेश १८६० साली फ्रान्सला जोडला गेला; त्याआधी तो सार्डिनियाच्या राज्यात होता. दानिएल ओपिनेल कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं घडवत. आपल्याकडचा लोहार करतो तेच काम. त्यांचा मुलगा जोसेफ १८७२ साली जन्मला. त्याला यंत्रांचा आणि फोटोग्राफीचा नाद. १८९० च्या सुमारास, म्हणजे अठराव्या वर्षी, त्यानं खिशात मावणारा एक मिटता चाकू केला. लाकडाची गोलसर मूठ, पातं आत बसायला खाच, एक रिबिट, बस्स. शेतकऱ्याला परवडेल आणि हातात नीट बसेल असा.

कुऱ्हाड घडवणाऱ्याच्या दृष्टीनं खिशातला चाकू म्हणजे किरकोळ काम. त्यात पोरगा म्हणतो, मुठीची खाच यंत्रानं पाडू! वडिलांना सुरुवातीला हे रुचलं नाही, असं सांगतात. पण जोसेफनं यंत्र बनवलंच. १८९७ मध्ये त्यानं एक ते बारा अशा क्रमांकांची मापं ठरवली. १८७१ साली आल्प्सखालचा फ्रेज्युसचा रेल्वे बोगदा सुरू झाला होता आणि मोरिएनचं खोरं मोठ्या रहदारीच्या वाटेवर आलं होतं. रेल्वेतले कामगार आणि जत्रांमधले फेरीवाले यांच्या खिशातून आणि पेटाऱ्यांतून हा चाकू खोऱ्याबाहेर पडला. पुढे कारखानाही शाँबेरीजवळ गेला. १९३० च्या दशकात एक आणि अकरा हे क्रमांक बंद झाले. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारं धातूचं कडं बसवलं, त्यामुळे उघडलेलं पातं अचानक मिटून बोटं कापायची भीती गेली.

आता पाहा. गाव बदललं, वस्तू बदलली, पद्धत बदलली, हाताऐवजी यंत्र आलं. मग ‘घराण्याची परंपरा’ कशाला म्हणायचं? फ्रेंच भाषेत ‘जानोचा चाकू’ असा वाक्प्रचारच आहे. जानो पातं बदलतो, मग मूठ बदलतो, आणि तरी म्हणतो, चाकू तोच! आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? प्रश्न एकच आहे.

मला वाटतं, उत्तर पात्यावर कोरलेलं आहे. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजानं १५६५ मध्ये फर्मान काढलं, की चाकू करणाऱ्यानं आपल्या मालावर आपली खूण उमटवावी. ती प्रथा धरून जोसेफनं १९०९ साली मुकुट आणि त्याखाली आशीर्वाद देणारा हात ही खूण घेतली. हात गावच्या मानचिन्हातला. तिथल्या कॅथिड्रलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष जपले आहेत, अशी श्रद्धा आहे. मुकुट सॅव्हॉयच्या सरदारकीचा. खुणेचा अर्थ काय? ‘या धारेला जबाबदार मी.’ हे उत्तरदायित्व वडिलांच्या कुऱ्हाडीवर होतं आणि मुलाच्या यंत्रानं केलेल्या चाकूवरही राहिलं. परंपरेत टिकतं ते हे. बाकी सगळं बदलू शकतं, कधी कधी बदलावंच लागतं.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो? कारण मी स्वतः याच्या उलट वागलोय. आमच्या गावच्या लोहाराचा मुलगा एकदा माझ्याकडे आला. पॉवर हॅमर घ्यावा का, कर्जाच्या अर्जाला मदत कराल का, असं विचारायला. मी तेव्हा प्राध्यापक. त्याला हाताच्या कलेवर अर्धा तास ऐकवलं. म्हणालो, यंत्र आलं की तुझ्या आजोबांची विद्या संपली. तो “बरं गुरुजी” म्हणून उठला. अर्ज काही झाला नाही. दोन-तीन वर्षांत भाता बंद पडला आणि तो शहरात वॉचमन झाला. फक्त माझ्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. स्वस्त तयार हत्यारं बाजारात आलीच होती. पण घण त्याला मारायचा होता, खांदा त्याचा दुखत होता, आणि कला जपण्याची हौस माझी होती.

संग्रहालयात जोसेफच्या कामाची ती यंत्रं पाहताना मला तो मुलगा आठवला. दानिएलच्या शेजारी माझ्यासारखा एखादा विद्वान राहत असता, तर पोराला त्यानं काय सल्ला दिला असता?

निघताना आठ क्रमांकाचा चाकू घेतला, बीच लाकडाच्या मुठीचा. साधं पोलाद, ओलं ठेवलं तर गंजतं. रोज फळं कापून झाली की पुसून ठेवतो.

त्या बाई आज आल्या असतील तर त्यांना हे उत्तर पटलं का, ते प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं.