तारापूरचा गोळा किती रत्तली?

जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून तारापूर घेतलं, पण बाजी भिवराव रेठरेकर तिथेच गोळी लागून पडले. त्या काळी युरोपीय तोफ ओळखायची ती गोळ्याच्या वजनावरून, रत्तलात (साधारण साडेचारशे ग्रॅम). मिलिमीटरची सवय झालेले आपण इथे फसतो. 3 रत्तली लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारे 7 सेंटिमीटर, मग 24 रत्तलीचा 56? छे, फक्त 14! वजन व्यासाच्या घनाने वाढतं.

बंदुकीचं तर उलटंच. एका रत्तल शिशाच्या जितक्या गोळ्या पडतील तितका तिचा आकडा: 12 बोअर म्हणजे साडेअठरा मिलिमीटर, 20 बोअर त्याहून बारीक. पोलिसांची जुनी .303 मात्र इंचात, 25.4 ने गुणा, 7.7 मिलिमीटर.

बाजी भिवरावांच्या आईला बाजीरावाने सांत्वनाचं पत्र लिहिलं.